घरच्या सबवूफरचे गणित

नवी म्युझिक सिस्टिम किंवा होम थिएटर घ्यायचे ठरले, की दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘किती वॉटची आहे?’ हा प्रश्न आपल्याला जाहिरातींनी शिकवला. एके काळी टेपरेकॉर्डर आणि म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ नावाचे एक माप ठळक अक्षरांत छापलेले असे आणि त्यापुढे हजारांच्या पटीतले वॉट. भिंतीवरच्या साध्या प्लगमधून एवढी वीज मिळणे शक्य नाही, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नसे. पुढे ‘आरएमएस’ हे त्या मानाने प्रामाणिक माप रूढ झाले. मात्र खर्जाच्या, म्हणजे बोलीत आपण ज्याला ‘बेस’ म्हणतो त्याच्या बाबतीत खरा वॉटसुद्धा फार थोडे सांगतो. पाचशे वॉटचा एक सबवूफर आणून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ढकलून देणारा गृहस्थ आणि दोनशे वॉटचे दोन सबवूफर विचारपूर्वक मांडणारा गृहस्थ, यांपैकी दुसऱ्याच्या घरातला खर्ज अधिक दमदार आणि अधिक स्वच्छ असण्याची शक्यता मोठी. हे कसे घडते, ते समजून घेतले तर पैसे वाचतातच, शिवाय सोसायटीतले संबंधही टिकतात.

सबवूफरच्या वाट्याला येणारे काम नेमके किती, ते आधी पाहू. माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. त्यांतला सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा भाग सबवूफरकडे सोपवण्याची पद्धत आहे. या मर्यादेखालचा स्वर कोणत्या दिशेने येतो आहे, हे कानाला सहजी उमगत नाही. त्यामुळे सबवूफर खोलीत कुठेही ठेवण्याची मुभा मिळते. ओळखीच्या वाद्यांच्या भाषेत बोलायचे तर काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लावलेली असते. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर, तर पियानोची डावीकडची अगदी शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झवर वाजते. त्याखाली संगीत जवळजवळ संपते. चर्चमधला अवाढव्य पाइप ऑर्गन आणि काही इलेक्ट्रॉनिक संगीत सोडले, तर तिथे राज्य चालते ते चित्रपटांतल्या भूकंपांचे, स्फोटांचे आणि विमानांचे. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या हॉलिवूडपटासाठी चित्रपटगृहांत खर्जाचे प्रचंड स्पीकर खास बसवण्यात आले होते. १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटल पद्धत आली. आज घरोघरी बोलल्या जाणाऱ्या ‘फाइव्ह पॉइंट वन’ या नावातला ‘पॉइंट वन’ म्हणजे खर्जासाठी राखून ठेवलेली स्वतंत्र वाहिनी होय. ही वाहिनी इतर वाहिन्यांपेक्षा १० डेसिबल अधिक जोराने वाजावी, अशी तिची रचनाच आहे.

यावरून पहिला निर्णय सोपा होतो. ज्यांच्या घरात मुख्यतः शास्त्रीय गायन, नाट्यपदे, भावगीते आणि जुनी चित्रपटगीते वाजतात, त्यांना ३५-४० हर्ट्झपर्यंत स्वच्छ वाजणारा सबवूफर पुरेसा आहे. २० हर्ट्झपर्यंत उतरण्याचा अट्टहास करायचा तो चित्रपटांसाठी, आणि त्याची किंमत फार चढत जाते. कशी, ते आता पाहू.

वूफर म्हणजे मुळात हवा ढकलणारा दट्ट्या. त्याचा कागदाचा अथवा पॉलिप्रॉपिलिनचा कोन, ज्याला आपण येथे पडदा म्हणू, मागेपुढे हलतो आणि हवा दाबली जाते. निसर्गाचा नियम असा, की स्वर एक सप्तक खाली उतरला की तेवढाच आवाज राखण्यासाठी चौपट हवा हलवावी लागते. ८० हर्ट्झवरून ४० वर आलो तर चौपट, २० वर आलो तर सोळापट! हलणारी हवा म्हणजे पडद्याचे क्षेत्रफळ गुणिले त्याची मागेपुढे होण्याची मजल. आठ इंची वूफरच्या पडद्याचे क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंटिमीटर असते, दहा इंचीचे ३४०, बारा इंचीचे ४९० आणि पंधरा इंचीचे ८३० च्या घरात. इंच वाढले की क्षेत्रफळ वर्गाने वाढते, हे येथे लक्षात घेण्याजोगे. आठवरून बारा इंचावर जाणे म्हणजे दीडपट नव्हे, तर सव्वादोनपट उडी आहे.

एक चांगला बारा इंची वूफर घेऊ. त्याचा पडदा दोन्ही दिशांना १० मिलिमीटर जाऊ शकतो असे समजू. मोकळ्या मैदानात जमिनीवर ठेवून एक मीटरवरून मोजले तर, वॉट पुरेसे असल्यास, तो ६० हर्ट्झला सुमारे ११३ डेसिबल देईल. ३० हर्ट्झला १०१ आणि २० हर्ट्झला जेमतेम ९४. पहिला आकडा कानठळ्या बसवणारा आहे. शेवटचा मात्र फारसा काही नव्हे, कारण २० हर्ट्झचा स्वर नुसता ऐकू येण्यासाठीच ७५ डेसिबलहून अधिक दाब लागतो. येथे अ‍ॅम्प्लिफायर बदलून काही साधत नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि पडदा एकदा आपल्या मजलेच्या टोकाला पोहोचला की तेही मिळत नाहीत; मिळतो तो आतली कॉइल मागच्या लोखंडावर आदळल्याचा ‘टक्’ असा आवाज आणि त्यापाठोपाठ दुरुस्तीचे बिल. तयार होम थिएटर संचांबरोबर येणारे साडेसहा इंची चिमुकले सबवूफर या नियमाला अपवाद नाहीत. ते ६० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात एक उंचवटा निर्माण करतात आणि ऐकणाऱ्याला खर्ज वाजल्याचा भास होतो. ही दुधाची तहान ताकावर भागवणे झाले. ज्यांना ते चालते त्यांनी खुशाल चालवावे. पण त्यावरचा वॉटचा आकडा पाहून भुलू नये.

आता खोके. वूफर नुसता टेबलावर ठेवून वाजवला तर खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. पडदा पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही एकमेकींना मिळतात आणि शून्य उरते. म्हणून मागची हवा कोंडायची. एडगर विल्चर या अमेरिकन संशोधकाने १९५४ साली ‘एआर-१’ हा स्पीकर बाजारात आणला. लहानशा हवाबंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरून खोल खर्ज काढता येतो, हे त्याने दाखवून दिले. त्याच्या दोन दशके आधी, १९३२ साली, बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांना दुसऱ्या पद्धतीचे पेटंट मिळाले होते. पेटीला एक नळी ठेवायची आणि मागच्या हवेला त्या नळीतून, योग्य वेळी, पुढच्या हवेच्या मदतीला आणायचे. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जो घुमारा निघतो, तेच हे तत्त्व. बंद पेटी आणि नळीची पेटी, या दोन घराण्यांतच आजही बहुतेक सगळे सबवूफर मोडतात.

बरीच वर्षे या पेट्या अंदाजाने बनत. मग ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यांच्यापाठोपाठ रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी हे सारे गणितात बसवले. प्रत्येक वूफरबरोबर आज जो माहितीचा कागद मिळतो, त्यावरच्या आकड्यांना या दोघांचे नाव आहे. घरी पेटी बनवू इच्छिणाऱ्याला त्यांतले तीन पुरतात. पहिला, वूफरची नैसर्गिक कंप्रता, ‘एफएस’. दुसरा, त्याच्या कंपनांना किती लगाम आहे ते सांगणारा ‘क्यूटीएस’. तिसरा ‘व्हीएएस’, म्हणजे वूफरच्या लवचिकपणाइतकाच लवचिकपणा असलेल्या हवेचे आकारमान. समजा, हे आकडे अनुक्रमे २४ हर्ट्झ, ०.४५ आणि ९० लिटर आहेत. बंद पेटीत वूफर बसवल्यावर एकूण ‘क्यू’ ०.७ च्या आसपास असला की खर्ज ना फुगतो ना लवकर गळतो. म्हणून ०.७०७ ला ०.४५ ने भागावे, उत्तराचा वर्ग करावा, त्यातून १ वजा करावा आणि आलेल्या आकड्याने ९० ला भागावे. उत्तर येते ६१ लिटर. वूफरचा मागचा भाग आणि आतले आधार यांची जागा धरून ६५ लिटर घेतले, तर आतून सुमारे ४० सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीची घनाकृती पेटी झाली. ही पेटी सुमारे ३८ हर्ट्झपर्यंत नीट वाजेल आणि त्याखाली सावकाश उतरत जाईल. असे गणित दुकानदार करून देत नाही. ते आपणच करावे लागते, आणि दहा मिनिटांत होते.

हाच वूफर आणखी खाली न्यायचा तर? येथे हॉफमन यांचा नियम आडवा येतो. अमेरिकेतल्या ‘केएलएच’ या कंपनीच्या नावातला ‘एच’ तो हाच हॉफमन. त्याचे म्हणणे असे, की लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज या तीनपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात, तिसरी सोडून द्यावी लागते. आपल्या मिरवणुकांतल्या भिंतीएवढ्या स्पीकरकडे या दृष्टीने पाहावे. महाराष्ट्रात त्यांना ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ साली स्थापन केलेल्या कंपनीचा त्या भिंतींशी काही संबंध नाही, पण नाव चिकटले ते चिकटले. त्या भिंतीत पेटीचा आकार अवाढव्य आणि आवाज प्रचंड, म्हणून खोली सोडलेली असते. अठरा इंची वूफर असूनही त्यांचा सारा भर ४० हर्ट्झच्या वरच्या धडधडीवर असतो. छातीत धडकी भरते ती तिथे. घरी याच्या उलट करायचे आहे : पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा, तेव्हा वॉट खर्चावे लागणार. सबवूफरला वॉट लागतात ते या कारणासाठी. बंद पेटीचा खर्ज जिथे उतरू लागतो तिथे डिजिटल प्रोसेसरने तो उचलता येतो. पण १२ डेसिबल उचलायचे म्हणजे सोळापट वीज द्यावी लागते आणि पडद्याची मजलही तेवढी असावी लागते. ३०० ते ५०० वॉटचा आजचा क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर एका बारा इंची वूफरला दिवाणखान्यात पुरून उरतो. त्यापुढचे वॉट विकत घेण्याऐवजी दुसरा वूफर घ्यावा.

नळीची पेटी तेवढ्याच विजेत २५-३० हर्ट्झच्या आसपास अधिक आवाज देते, हे खरे आहे. पण ती हट्टी असते. ६० लिटरच्या पेटीला २५ हर्ट्झवर लावायचे असेल, तर प्लंबिंगच्या दुकानातला चार इंची पीव्हीसी पाइप सुमारे ५५ सेंटिमीटर लांब लागतो, जो त्या पेटीत सरळ मावतच नाही. बारीक पाइप घेतला तर लांबी कमी होते, पण जोराच्या प्रसंगी त्यातून हवेचा ‘फस् फस्’ आवाज येतो. शिवाय ज्या स्वरावर नळी लावली आहे त्याच्या खाली वूफरला पेटीचा आधार उरत नाही. अशा वेळी तळाचे स्वर गाळणारी चाळणी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नसेल, तर पडदा मोकाट सुटतो. पहिल्यांदा पेटी करणाऱ्याने आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने बंद पेटीच करावी, असे माझे मत आहे. तिच्यात सुताराचे चार-पाच टक्क्यांचे मापातले फरक खपून जातात.

सुतारकामाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. १८ मिलिमीटर जाडीचे चांगले प्लायवुड वापरावे. परदेशी पुस्तकांत एमडीएफची शिफारस असते आणि ते कापायला सोपेही आहे. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत, उघड्या राहिलेल्या कडांतून ओल शिरून ते फुगते. वूफर बसतो ती पुढची फळी दुहेरी करावी, समोरासमोरच्या फळ्यांना आतून आडवे आधार द्यावेत, सांधे फेविकॉल आणि स्क्रूंनी आवळून आतून सिलिकॉनने बुजवावेत. वूफर लाकडी स्क्रूंऐवजी टी-नट आणि बोल्टने बसवला तर पुन्हा काढता येतो. पेटी हवाबंद झाली की नाही, ते पाहण्याची सोपी रीत आहे. पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच, सारखा आत दाबून सोडावा. तो झटकन न येता किंचित रेंगाळत परत आला, तर समजावे की पेटी गळत नाही.

येथपर्यंतचे काम पैसे आणि श्रम मोजले की होते. खरी कसोटी पुढे आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ती म्हणजे खोली.

४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटर असते, म्हणजे साधारण २८ फूट. आपला दिवाणखाना त्याहून लहान. एवढी लांब लाट एवढ्याशा जागेत मावत नाही. ती भिंतींवरून परतते, स्वतःलाच भेटते आणि काही ठरावीक स्वरांवर खोलीभर उभी राहते. १६ बाय १० फुटांचा आणि साडेनऊ फूट उंचीचा हॉल घेतला, तर लांबीमुळे सुमारे ३५ हर्ट्झवर, रुंदीमुळे ५६ वर आणि उंचीमुळे ५९ वर अशा उभ्या लाटा तयार होतात. लांबीची दुसरी लाट ७० वर येते. या स्वरांवर खोलीच्या काही भागांत आवाज दुपटी-तिपटीने फुगतो आणि काही भागांत पार नाहीसा होतो. दहा-पंधरा डेसिबलचे चढउतार तर नेहमीचेच. त्यातून खर्जाच्या बाबतीत कान विलक्षण चिकित्सक असतो. मधल्या सप्तकात आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. अगदी खालच्या स्वरांत त्याच्या निम्म्याच वाढीने तसे वाटते. म्हणूनच हजारो रुपयांचा सबवूफर एका गाण्यात ढुम्म ढुम्म करतो आणि दुसऱ्यात गायब होतो. दोष बहुतेक वेळा सबवूफरचा नसतो.

वर उल्लेखिलेला काळी एकचा ६९ हर्ट्झचा खर्ज या हॉलच्या ७० हर्ट्झच्या लाटेला अगदी खेटून आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. एरवी उपस्वरांच्या आड नम्रपणे दडलेला तानपुऱ्याचा तो मूळ स्वर अशा खोलीत फुगून बंदिशीवर पसरतो आणि ऐकणारा म्हणतो, ‘रेकॉर्डिंग जड आहे.’ खोलीची परीक्षा घ्यायची तर हॉलिवूडच्या स्फोटांपेक्षा तबल्याची चांगली ध्वनिमुद्रिका लावावी. डग्ग्यावर तळहात सरकवून वादक जो घसारा काढतो, त्यात स्वर सलग वर-खाली होतो. तो सर्वत्र सारख्या वजनाने ऐकू आला तर मांडणी जमली. मध्येच एका ठिकाणी फुगला किंवा गिळला गेला तर नाही.

या बाबतीत अमेरिकन पुस्तकी सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथल्या घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या जिप्समच्या पातळ पाट्यांच्या असतात. खर्जाने त्या थरथरतात आणि तेवढी ऊर्जा शोषून घेतात. आपल्या विटांच्या आणि आरसीसीच्या भिंती जागच्या हलत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे उभ्या लाटा अधिक टोकदार आणि अधिक रेंगाळणाऱ्या होतात. फरशी, उघड्या भिंती आणि मोजके फर्निचर ही आपल्या दिवाणखान्यांची रीतही त्यात भर घालते. उघड्या खिडक्या आणि स्वयंपाकघराकडे जाणारा बिनदाराचा पॅसेज मात्र उपकारक ठरतात, कारण खर्जाला तिथून बाहेर पडायला वाट मिळते. त्यावर उपाय म्हणून अंड्याच्या ट्रेसारखा फोम भिंतीला चिकटवणारे लोक आहेत. त्याने खर्जाला तिळमात्र फरक पडत नाही. २८ फुटांच्या लाटेला दोन इंचांचा फोम दिसतसुद्धा नाही. कमी होते ती फक्त टाळ्या-चिपळ्यांची खणखण.

मग करायचे काय? पहिली गोष्ट फुकट आहे : जागा बदलणे. कोपऱ्यात सबवूफर सर्वांत जोरात वाजतो, कारण तिथून खोलीच्या सगळ्या लाटा एकदम जाग्या होतात. आणि नेमके त्याचमुळे तिथे तो सर्वांत ओबडधोबडही वाजतो. योग्य जागा शोधण्याची एक जुनी, किंचित हास्यास्पद पण अचूक युक्ती आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवावा, खर्जाची सुरावट असलेले गाणे लावावे आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत जावे. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवावा. ध्वनीचा उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येते, म्हणून हे जमते. सोफा खोलीच्या बरोबर मध्यावर असेल तर तो फूट-दोन फूट हलवावा, कारण लांबीच्या पहिल्या लाटेचा ‘शून्य’ बिंदू तिथेच असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन सबवूफर. २००२ साली टॉड वेल्टी या ध्वनिशास्त्रज्ञाने हार्मन कंपनीसाठी केलेल्या अभ्यासात आयताकृती खोलीत किती आणि कुठे सबवूफर असावेत, हे पद्धतशीर तपासले. चार भिंतींच्या मध्यावर एकेक असे चार उत्तम; पण समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन ठेवले तरी बसण्याच्या जागांमधला फरक पुष्कळच कमी होतो, असे त्यातून दिसले. कारण सुबोध आहे. लांबीच्या पहिल्या लाटेत समोरासमोरच्या भिंती एकमेकींच्या उलट वागतात. दोन्हीकडून एकाच वेळी ढकलले तर ती लाट उभीच राहत नाही. रुंदीच्या पहिल्या लाटेचा शून्य बिंदू भिंतीच्या मध्यावर असल्याने तीही जागी होत नाही. शिवाय दोन दहा इंची वूफरचे एकत्रित क्षेत्रफळ ६८० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका बारा इंचीहून बरेच अधिक. दमदार खर्जाचा सर्वांत स्वस्त आणि सभ्य मार्ग हाच. फक्त दोन्ही सबवूफर अगदी एकसारखे असावेत. एक बंद पेटीचा आणि एक नळीचा अशी जोडी काही स्वरांवर एकमेकांशीच भांडते.

तिसरी गोष्ट मोजमापाची. पूर्वी हे प्रयोगशाळेतले काम होते. आता एक यूएसबी मायक्रोफोन, लॅपटॉप आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर भागते. आपल्या जागी मायक्रोफोन ठेवून खालपासून वरपर्यंत सरकता स्वर वाजवला की पडद्यावर खोलीचा आलेख उमटतो. त्यातले उंचवटे इक्वलायझरने छाटावेत. खड्डे मात्र भरू नयेत. लाट लाटेला खाऊन जो खड्डा पडतो, त्यात कितीही वॉट ओतले तरी तो रिताच राहतो आणि अ‍ॅम्प्लिफायर निष्कारण तापतो. मुख्य स्पीकरांशी मेळ घालण्यासाठी रिसीव्हरमध्ये ते ‘स्मॉल’ ठेवावेत, छेद ८० हर्ट्झवर घ्यावा आणि मग ८० हर्ट्झचा स्वर वाजवून सबवूफरचा फेज स्विच उलटसुलट करून पाहावा. ज्या बाजूला आवाज अधिक भरतो ती बाजू बरोबर. सबवूफर गप्प असतानाही ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येत असेल, तर प्रथम घराचे अर्थिंग तपासावे आणि नंतर केबल टीव्हीची तार काढून पाहावी. निम्म्या वेळा अपराधी तीच निघते.

राहिला शेजारी. त्याचा विचार सबवूफर विकत घेण्यापूर्वीच करायला हवा. भिंतीचे वजन दुप्पट केले तर ती सुमारे पाच-सहा डेसिबल अधिक अडवते. स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढेच कमी अडवते. बोलण्याचा आवाज अडवणारी भिंत त्याहून चार सप्तके खालच्या ४० हर्ट्झला म्हणूनच जवळजवळ उघड्या दारासारखी असते. नव्या इमारतींतल्या हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या भिंती जुन्या नऊ इंची विटांच्या भिंतींपेक्षा या बाबतीत लंगड्या. शेजाऱ्याला गाणे ऐकू येत नाही. त्यातली फक्त धडधड पोहोचते, आणि तीच अधिक छळते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ही मोजणी ज्या ‘ए’ पट्टीवर होते, ती पट्टी ५० हर्ट्झच्या स्वरातून सुमारे ३० डेसिबल वजा करते. त्यामुळे मीटरवर नियमात बसणारा खर्जही पलीकडच्या घरातल्या खिडकीच्या काचा वाजवू शकतो आणि झोपेचे खोबरे करू शकतो.

सबवूफरखाली जाड रबराचे पाय किंवा पॅड दिले की फरशीतून थेट जाणारे कंपन कमी होते आणि स्वतःच्या घरातले लोखंडी कपाट, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, शोकेसमधले पेले यांचा खडखडाटही घटतो. हवेतून भिंतीत शिरणारा खर्ज मात्र त्याने थांबत नाही. तिथे दोनच उपाय खरे आहेत. एक, सबवूफर आपल्या बसण्याच्या जागेच्या अगदी जवळ, सोफ्याच्या मागे किंवा बाजूला ठेवणे. त्यामुळे कमी आवाजात काम भागते. दुसरा, रात्रीसाठी वेगळी योजना. बहुतेक प्रोसेसरांत दोन-चार मांडण्या साठवून ठेवता येतात. त्यांतली एक ५० हर्ट्झखालचा भाग छाटलेली आणि एकूण आठ-दहा डेसिबल खाली आणलेली असावी. चित्रपटांचे अट्टल शौकीन सोफ्याच्या सांगाड्याला ‘बास शेकर’ नावाचे कंपनयंत्र बसवतात. त्याने आवाज न करताच बसणाऱ्याला हादरे मिळतात. फक्त सोफ्याच्या पायांखाली रबर असले पाहिजे, नाहीतर ते हादरे खालच्या मजल्याच्या छताला पोहोचतात.

मर्यादा ठरवण्यासाठी मीटरही लागत नाही. एखाद्या रविवारी दुपारी, आधी विचारून, शेजाऱ्यांच्या आणि खालच्या मजल्यावरच्या घरात जाऊन बसावे. घरातल्या कोणाला तरी नेहमीचा चित्रपट लावायला सांगावे आणि फोनवरून आवाज हळूहळू वाढवायला लावावा. त्यांच्या पंखा बंद केलेल्या शयनगृहात धडधड जेथे प्रथम जाणवेल, तेथे आपल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाशेजारी पेन्सिलीने एक खूण करून ठेवावी.